वाचक विचारतात: त्रिकोणातलं न मिटणारं भांडण

मागच्या अंकात मी फ्रस्ट्रेटेड मॅग्नेट आणि क्वांटम अनीलिंगवर दोन पानं लिहिली होती. ज्या चुंबकातल्या अणूंना सगळ्या शेजाऱ्यांचं मन एकाच वेळी राखता येत नाही, त्यांच्यातले फेज बदल आता क्वांटम चिपवर घडवून बघतायत, एवढाच त्याचा गाभा होता. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, त्यामुळे या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, "फ्रस्ट्रेटेड" वाचून आधी हसूच आलं. चुंबकाला कसलं आलंय फ्रस्ट्रेशन? आणि असे पदार्थ खरंच असतात की हे फक्त कागदावरचं गणित?
(बीएस्सी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी)

शब्द विचित्र आहे खरा, पण एकदा हाताने करून बघितलं की तो किती चपखल आहे ते कळतं. एक त्रिकोण काढ आणि तीन कोपऱ्यांवर तीन स्पिन ठेव. स्पिन म्हणजे इथे एक बाण, वर नाहीतर खाली, मधलं काही नाही, याला आयझिंग स्पिन म्हणतात (मॉडेल सुचवलं विल्हेल्म लेंझने १९२० मध्ये, त्यावर पीएचडी केली त्याच्या विद्यार्थ्याने, अर्न्स्ट आयझिंगने, आणि नाव विद्यार्थ्याचं लागलं). नियम एकच, शेजाऱ्याने विरुद्ध दिशेला असायचं. पहिला वर, दुसरा खाली, ठीक. आता तिसरा? वर केला तर पहिल्याशी बिनसतं, खाली केला तर दुसऱ्याशी. इकडे आड तिकडे विहीर.

एकूण रचना ८ होतात, सगळ्या लिहून काढ. त्यातल्या २ मध्ये तिन्ही बाण एकाच दिशेला, म्हणजे तिन्ही जोड्या नाराज. उरलेल्या ६ मध्ये बरोबर एकच जोडी नाराज. म्हणजे सगळ्यात कमी ऊर्जेच्या रचना सहा आणि सहाही अगदी तोडीस तोड. चौकोन घेतलास तर हा घोळ होतच नाही, वर-खाली-वर-खाली केलं की सगळे खुश आणि तशा रचना फक्त २.

आता असे त्रिकोण जोडत जोडत मोठी जाळी कर. १९५० मध्ये ग्रेगरी वॅनियरने याचं अचूक गणित केलं, त्यात निघालं की ही जाळी निरपेक्ष शून्य तापमानालासुद्धा शिस्तीत बसत नाही, दर स्पिनमागे साधारण ०.३२३ एवढी एंट्रॉपी, म्हणजे गोंधळाचं माप, शिल्लकच राहते (बोल्ट्झमनच्या स्थिरांकाच्या पटीत). पूर्ण गोंधळात हा आकडा ०.६९३ असतो, म्हणजे थंडीने गोठवून टाकलं तरी जवळजवळ निम्मा गोंधळ जागच्या जागी! मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा मी दोनदा गणित तपासलं होतं.

आणि हो, पदार्थ खरेच असतात. डिस्प्रोशियम टायटनेट आणि होल्मियम टायटनेट यांना स्पिन आइस म्हणतात, कारण त्यांच्यातले बाण दोन आत दोन बाहेर अशा नियमाने बसतात, जसे बर्फात ऑक्सिजनभोवती हायड्रोजन दोन जवळ दोन लांब बसतात. बर्फातल्या या उरलेल्या एंट्रॉपीचा हिशोब लायनस पॉलिंगने १९३५ मध्येच मांडला होता आणि १९९९ मध्ये डिस्प्रोशियम टायटनेटवर मोजमाप केलं तेव्हा त्याच हिशोबाशी जुळणारा आकडा मिळाला.

फेज ट्रान्झिशन म्हटलं की आम्हाला पाणी आणि बर्फ एवढंच माहीत. चुंबकात नेमकं काय बदलतं? आणि तुम्ही लिहिलंत की तापमान न बदलताही बदल होतो, ते कसं?
(एक सॉफ्टवेअर इंजिनिअर)

लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर नेलं की त्याचं चुंबकत्व जातं. अणू तेच, त्यांची मांडणी तीच, फक्त बाणांची एकी मोडते. शिस्त आणि गोंधळ यांच्या सीमेवरचा हा क्षण म्हणजे फेज ट्रान्झिशन. इथे उष्णता बाणांना हलवते.

पण बाण हलवायचा आणखी एक रस्ता आहे. बाण वर-खाली असताना आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं तर क्वांटम नियमांनुसार तो वर आणि खाली यांच्या मिश्रणात जातो, तापमान शून्याला टेकलेलं असलं तरी. हे आडवं क्षेत्र कमी-जास्त करून जो बदल घडतो तो क्वांटम फेज ट्रान्झिशन.

आणि फ्रस्ट्रेटेड जाळीत इथे एक फार सुंदर गोष्ट होते. त्रिकोणी जाळीत प्रत्येक स्पिनला सहा शेजारी. काही रचनांमध्ये एखाद्या स्पिनचे तीन शेजारी वर आणि तीन खाली असतात, म्हणजे त्याच्यावर कुणाचाच जोर नाही, तो पूर्ण मोकळा. आडव्या क्षेत्राला असा मोकळा स्पिन आयताच सापडतो, तो फुकटात आडवा होतो आणि एकूण ऊर्जा उतरते. मग ज्या रचनांमध्ये असे मोकळे स्पिन जास्तीत जास्त, त्याच बाकीच्यांवर मात करतात आणि सगळ्या जाळीत एक शिस्त येते. म्हणजे हलवाहलव वाढवली म्हणून शिस्त आली! याला ऑर्डर बाय डिसऑर्डर म्हणतात, ही कल्पना फ्रान्सच्या जाक व्हिलँ आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली.

ही शिस्त मोडते तीसुद्धा एका फटक्यात मोडत नाही. मध्ये एक टप्पा येतो त्यात जाळीत बारीक भोवरे असतात, एक उजवा एक डावा असे जोडीजोडीने बांधलेले, आणि पुढे तापलं की जोड्या सुटतात. याला कोस्टर्लिट्झ-थाउलेस ट्रान्झिशन म्हणतात, त्या कामासाठी दोघांना २०१६ चं नोबेल मिळालं. बेरेझिन्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे त्यांच्याही आधी लिहिलं होतं, पण तो १९८० मध्येच गेला. म्हणून मी त्याचं नाव नेहमी मुद्दाम घेते.

अनीलिंग म्हणजे धातू तापवून सावकाश थंड करणे, असे आम्ही वर्कशॉपमध्ये शिकलो. या क्वांटम अनीलिंगमध्ये तापवतात काय?
(निवृत्त तंत्रशिक्षक)

सर, प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. उत्तर असं की काहीच तापवत नाहीत, उलट चिप २० मिलीकेल्विनच्या खाली ठेवतात, म्हणजे अंतराळातल्या पोकळीपेक्षाही शंभरपटींहून जास्त थंड.

वर्कशॉपमध्ये तुम्ही धातू लाल करता तेव्हा अणूंना हलायला मोकळीक मिळते आणि सावकाश थंड केलं की ते आपापल्या सोयीच्या जागी बसतात, आतला ताण जातो. तेच तापलेलं पोलाद पाण्यात बुडवून पाणी दिलं तर ताण आतच अडकतो. १९८३ मध्ये कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेक्की यांनी हीच युक्ती कॉम्प्युटरवर गणित सोडवायला वापरली, खोटं तापमान घ्यायचं आणि हळूहळू उतरवायचं. क्वांटम अनीलिंगमध्ये तापमानाच्या जागी ते आडवं क्षेत्र येतं. सुरुवातीला ते खूप मोठं ठेवतात त्यामुळे सगळे स्पिन मिश्रणात असतात, मग ते हळूहळू उतरवत शून्यावर आणतात आणि त्याच वेळी शेजाऱ्यांमधली ओढाताण वाढवत नेतात. ऊर्जेचा डोंगर मध्ये आला तर चढून जायची गरज नाही, पातळ असेल तर बोगद्यातून गेल्यासारखं पलीकडे जाता येतं. आडव्या क्षेत्राने स्पिन ग्लासमध्ये (ज्यात ओढी वेड्यावाकड्या असल्याने बाण गोंधळातच गोठतात अशा चुंबकात) अशी वाट निघते हा विचार १९८९ मध्ये कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमधल्या बिकास चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी मांडला होता, आणि आज वापरतात ती स्पष्ट मांडणी १९९८ मध्ये जपानच्या कादोवाकी आणि निशिमोरी यांनी केली.

पुढच्याच वर्षी हे खऱ्या स्फटिकात करून बघितलं गेलं. लिथियम, होल्मियम, यिट्रियम आणि फ्लोरिन यांचा स्फटिक एकदा उष्णतेच्या वाटेने थंड केला आणि एकदा आडव्या क्षेत्राच्या वाटेने आणला, शेवटचा मुक्काम एकच, तरी क्षेत्राच्या वाटेने आणलेला स्फटिक जास्त लवकर स्थिरावलेला दिसला.

मग क्वांटम अनीलरच्या आत नेमकं असतं काय? तो चुंबकाचं "गणित सोडवतो" असं म्हणायचं का?
(तीन-चार वाचकांनी वेगवेगळ्या शब्दांत)

मागच्या वेळी हे मी नीट लिहिलं नाही असं पत्रं वाचून जाणवलं. चिपवर नायोबियमची बारीक वेटोळी असतात, इतक्या थंडीत ती अतिसंवाहक होतात, त्यांच्यातून वीज एकदा उजवीकडून फिरते नाहीतर डावीकडून आणि क्वांटम नियमांनी दोन्हीकडून एकाच वेळी. उजवी म्हणजे बाण वर, डावी म्हणजे बाण खाली. दोन वेटोळ्यांमध्ये कपलर असतो, त्याने आपण ठरवायचं की या दोघांनी एका दिशेला असावं की विरुद्ध, आणि किती जोराने. आता नीट बघा, आपल्यासमोर काय आहे? बाण आहेत, शेजारी आहेत, ओढाताण आहे, आडवं क्षेत्र आहे. हा चुंबकच आहे! आपण बनवलेला, मोठ्या आकाराचा, हवी तशी जाळी विणता येणारा चुंबक. स्फटिकात अणू जिथे आहेत तिथेच असतात, इथे मी एका कपलरचं चिन्ह बदललं की त्या जागी फ्रस्ट्रेशन येतं, परत बदललं की जातं.

त्यामुळे मला "गणित सोडवतो" हा शब्दप्रयोग इथे पटत नाही. या कामात आपण चिपवर प्रयोग करतो, क्षेत्र उतरवताना मध्येच थांबतो, थोडं मागे नेतो, मग झटकन शून्यावर आणून कोण वर कोण खाली ते वाचतो (तुमच्या पोलादाला पाणी देण्यासारखंच, आहे त्या अवस्थेत पकडायचं). एकदा वाचलं की एक फोटो मिळतो. असे हजारो फोटो घेऊन त्यांच्यावर अभ्यास करायचा.

उतरवण्याचा वेगसुद्धा प्रयोगाचाच भाग असतो. फेज बदलाच्या जागेवरून घाईने गेलं की जाळीचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळी शिस्त पकडतात आणि तुकड्यांच्या सीमेवर दोष राहतात, जितकी घाई तितके दोष, आणि हे नातं कुठल्या प्रमाणात वाढतं ते सिद्धांतातून काढता येतं. २०२२ मध्ये डी-वेव्ह या क्वांटम अनीलर बनवणाऱ्या कंपनीच्या मशीनवर २००० क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे वर सांगितलेलं एकेक वेटोळं) साखळीत काही नॅनोसेकंदांत क्षेत्र उतरवून हे दोष मोजले, तेव्हा ते बाहेरच्या उष्णतेचा त्रास नसलेल्या क्वांटम साखळीच्या सिद्धांताशी जुळले.

पाच हजार क्युबिट म्हणजे पाच हजार अणूंचा चुंबक मिळतो ना?

दर वेळी नाही. चिपवर प्रत्येक वेटोळं ठराविक शेजाऱ्यांनाच जोडलेलं असतं. डी-वेव्हच्या २०१७ च्या मशीनमध्ये एका क्युबिटला ६ जोडण्या होत्या, २०२० च्या अ‍ॅडव्हान्टेजमध्ये १५, त्याच्या पुढच्या पिढीत २०. आपल्याला हवी ती जाळी त्यात बसत नसेल तर दोन-चार क्युबिट घट्ट बांधून त्यांचा मिळून एक स्पिन करावा लागतो. २०१८ मध्ये १८०० क्युबिटवर त्रिकोणी जाळीसारखा फ्रस्ट्रेटेड चुंबक करून ते भोवऱ्यांचं ट्रान्झिशन बघितलं, तिथे चार-चार क्युबिट असे बांधले होते आणि जाळीच्या दोन कडा जोडून तिची नळी केली होती, म्हणजे कडेच्या स्पिनचा त्रास कमी. त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात ८×८×८ ची घनाकार जाळी केली, ५१२ स्पिन, आणि कपलरमध्ये मुद्दाम गडबड पेरत नेऊन शिस्तीचा चुंबक ते स्पिन ग्लास असा सगळा नकाशा काढला.

साध्या सुपरकॉम्प्युटरवर हे होत नाही का? की हा सगळा गाजावाजाच?
(दोन वाचक, दोघंही थोडे चिडलेले)

चिडलात ते योग्यच, या विषयात मोठे दावे लवकर होतात. ३०० स्पिनच्या सगळ्या रचना मोजायच्या म्हटलं तर त्या दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त भरतात, हे खरं. पण सगळ्या मोजायची गरजच नसते, मॉन्टे कार्लो पद्धतीने निवडक रचना घेऊन काम भागतं, आणि आडव्या क्षेत्रातला आयझिंग चुंबक या पद्धतीला बऱ्यापैकी मानवतो. म्हणूनच तर चिपचं उत्तर बरोबर आहे का ते आपण तपासू शकतो, ही माझ्या मते मोठी सोय आहे. अडचण येते ती वेळेची, फ्रस्ट्रेशन आणि फेज बदल एकत्र आले की मॉन्टे कार्लो रेंगाळायला लागतं.

२०२१ मध्ये याच भोवऱ्यांच्या चुंबकावर तुलना छापून आली, चिप एका ठराविक मॉन्टे कार्लो पद्धतीपेक्षा ३० लाख पटीने जास्त वेगाने स्थिरावली. आकडा खरा आहे पण "एका ठराविक पद्धतीपेक्षा" हे शब्द सोडून तो कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. २०२५ मध्ये सायन्स या नियतकालिकात डी-वेव्हने लिहिलं की स्पिन ग्लासमधली काही सिम्युलेशन्स साध्या कॉम्प्युटरच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि लगेच न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूटच्या आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटांनी त्यातल्या काही भागांपर्यंत साध्या कॉम्प्युटरने पोचता येतं असं दाखवलं. मला यात वाईट काहीच वाटत नाही, या रस्सीखेचीत दोन्हीकडच्या पद्धती सुधारल्या. तुम्ही कुणाच्या बाजूने असाल ते असा, पण प्रत्येक दाव्यात कुठली जाळी, किती आकार आणि कोणाशी तुलना हे तीन प्रश्न नक्की विचारा.

एखादं उदाहरण आकड्यांसकट द्याल का? आणि ते खऱ्या पदार्थाला लागू पडतं का?
(एमएस्सीचा विद्यार्थी)

शास्त्री-सदरलँड जाळी घे. १९८१ मध्ये श्रीराम शास्त्री आणि बिल सदरलँड यांनी मांडलेली. चौकटीची साधी जाळी, प्रत्येक स्पिनला चार शेजारी, त्यांची ओढ जे-एक. शिवाय काही चौकटींमध्ये एक तिरकी काडी, अशी की प्रत्येक स्पिनच्या वाट्याला बरोबर एक तिरका जोडीदार, त्याची ओढ जे-दोन. दोन्हींना विरुद्ध दिशा हवी.

बुद्धिबळाच्या पटासारखी शिस्त लावली तर चारही शेजारी खुश पण तिरका जोडीदार नाराज, दर स्पिनमागे ऊर्जा होते उणे दोन जे-एक अधिक अर्धा जे-दोन. उलट तिरक्या जोडीदारांना खुश केलं, एक वर एक खाली, तर शेजाऱ्यांचा हिशोब एकमेकांत कटतो आणि उरते उणे अर्धा जे-दोन. दोन्ही सारखे ठेव, जे-दोन बरोबर जे-एकच्या दुप्पट येतो. ही झाली सीमा, एका ओळीत. पण दुसऱ्या बाजूला गेल्यावर गंमत बघ, प्रत्येक जोडीला वर-खाली की खाली-वर हे स्वतःचं स्वतः ठरवता येतं, म्हणजे जितक्या जोड्या तितके दोन एकमेकांना गुणायचे. पुन्हा तोच डोंगराएवढा ढीग तोडीस तोड रचनांचा. बाहेरून उभं क्षेत्र लावलं की मध्येच चुंबकत्व पूर्ण चुंबकत्वाच्या एक तृतीयांशावर येऊन थबकतं, एक सपाट पायरी दिसते. २०२० मध्ये हीच आयझिंग जाळी डी-वेव्हच्या चिपवर बसवून हे फेज बघितले गेले.

आता खरा पदार्थ. थुलियम टेट्राबोराइडमध्ये अणू याच जाळीत बसतात आणि बाणही जवळजवळ आयझिंगसारखे, पण तिथे ठळक पायरी निम्म्यावर दिसते, एक तृतीयांशावर नाही. म्हणजे त्या पदार्थात या दोन ओढींपलीकडचंही काही आहे, लांबच्या शेजाऱ्यांची ओढ वगैरे. आणि या जाळीचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ, स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेट, त्याच्यात बाण कुठल्याही दिशेला वळू शकतात, ते आजच्या अनीलरवर थेट बसत नाही. चिपवर आयझिंगच बसतं, ही मर्यादा मोठी आहे.

ताई, मला लॅपटॉपवर काहीतरी स्वतः करून बघायचंय. कुठून सुरू करू?
(पहिलीच विद्यार्थिनी, दुसऱ्या मेलमध्ये)

त्रिकोणी जाळीनेच कर. जवळच्या सहा शेजाऱ्यांना विरुद्ध दिशा हवी, आणि त्यांच्या पुढच्या सहांना थोडीशी एकाच दिशेची ओढ दे, म्हणजे क्वांटम काही न घेताही शिस्त येईल. जाळीला तीन रंग दे, असे की कुठल्याही त्रिकोणात तिन्ही रंग येतील. प्रत्येक फोटोत प्रत्येक रंगाच्या बाणांची सरासरी काढ आणि त्या तीन सरासऱ्या कागदावर तीन दिशांना, एकमेकींपासून १२० अंशांवर, बाणांसारख्या जोडून जिथे टोक येईल तिथे एक ठिपका दे. असे काही हजार ठिपके. २०१८ च्या प्रयोगातही चिपच्या फोटोंवरून अशाच प्रकारचं चित्र काढलं होतं.

एक चूक करू नकोस जी मी केली. एमएस्सीला मी १०×१० ची जाळी घेतली, कडा एकमेकींना जोडल्या, आणि जवळजवळ तीन आठवडे शिस्त काही येईना, कोड ओळ न् ओळ तपासला, रँडम नंबर बदलले, रडकुंडीला आले. शेवटी एका सीनियरने विचारलं की दहाला तीनने भाग जातो का. जात नाही! तीन रंगांची शिस्त दहाच्या जाळीत कडेला येऊन जुळतच नव्हती, फ्रस्ट्रेशन माझ्या जाळीच्या आकारातच होतं. १२×१२ घे, मग २४×२४.

तापमान जास्त असताना ठिपके मध्यभागी गोळा होतील. उतरवत गेलीस की मधला भाग रिकामा होऊन कडं दिसायला लागेल, तो भोवऱ्यांचा टप्पा. आणखी उतरव, कडं तुटून सहा ठिकाणी ठिपके जमतील, त्रिकोणाच्या त्याच सहा रचना. २४×२४ ला सावकाश उतरव, घाई केलीस तर एकाच ठिकाणी अडकून बसेल. कडं दिसलं की तो प्लॉट मला पाठव.